फिर्याद मोठ्यानं वाचा

त्या माणसाच्या विरोधात मी तीन पत्रकं लिहिली. तिन्ही त्यांच्याच घरात बसून.

हे आधी सांगून टाकते, कारण आमच्या संघटनेत हे कुणालाच माहीत नव्हतं. विश्रांतवाडीला आळंदी रस्त्यापासून जरा आत, एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर मागची खोली मी भाड्यानं घेतली होती. दार वेगळं, मोरी वेगळी, मध्ये एक भिंत. भिंतीपलीकडे घरमालकांचं ऑफिस. वाशिमहून आलेल्या एकट्या मुलीला खोली देताना पुण्यात जे जे विचारतात, घरी कोण येणार, किती वाजता येणार, मटण शिजवणार का, त्यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "मोठ्यानं गाणी लावता का?"

मी नाही म्हटलं.

"मग ठीक. माझ्याकडे मात्र आवाज होतो. वाचनाचा."

वाचनाचा आवाज म्हणजे काय ते तिसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी चहा गाळत होते. भिंतीपलीकडे एक पुरुष वाचत होता, शाळेत उभं करून धडा वाचायला लावतात तसा. "मी वरील पत्त्यावर आई-वडिलांसह राहते. त्या दिवशी मी घरात एकटी होते." जाड, खर्जातला आवाज, आणि म्हणतोय 'एकटी होते'. माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. दोन-चार ओळी झाल्यावर तो थांबला.

"पुढे," घरमालक म्हणाले.

"साहेब, पुढचं तुम्हीच वाचून घ्या ना."

"मला वाचता येतं. तुमचं ऐकायचंय. पुढे."

ते फौजदारी वकील होते. बलात्काराचा आरोप असलेल्यांचे खटले चालवायचे. पूर्वी इतरही चालवत असतील, पण एकदा या खटल्यांचा म्हणून माणूस ओळखला गेला की बाकीचे त्याची पायरी चढत नाहीत. त्यांची पद्धत ठरलेली होती. जो येईल त्यानं वकीलपत्रावर सही करण्याआधी, त्याच्याविरुद्ध त्या बाईनं दिलेली फिर्याद उभं राहून, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचायची. वगळायचं नाही, पुटपुटायचं नाही. खुर्ची मिळायची ती वाचून झाल्यावर. चहा कधीच नाही. त्या खोलीत त्यांनी कुणाला चहा विचारल्याचं मी ऐकलं नाही. "इथे येणाऱ्याला पाहुणा आल्यासारखं वाटता कामा नये," असं त्यांचं म्हणणं.

मी दोन वर्षं ते वाचन ऐकलं. कुणी रडायचा. कुणी मध्येच "खोटं आहे हे" म्हणून ओरडायचा, आणि ते म्हणायचे, "असेल. पुढे." कुणी एकाच ओळीपाशी तीनतीनदा अडायचा. 'तुम्ही केलंत का?' हा प्रश्न मात्र त्यांनी कुणालाही विचारला नाही.

एकदा एका बिल्डरचा मुलगा वाचता वाचता हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. लगेच त्यांचा आवाज आला, "कागद ठेवा. दुसरा वकील बघा."

बाप बाहेर गाडीत बसला होता, तो आत आला. "अहो वकीलसाहेब, पोरगा आहे. हसला तर काय मोठंसं?"

"माझं काही नाही. तो कोर्टातही हसेल. मला हरायला आवडत नाही."

हा माणूस कधी चुकून बरं वागलाच, तर त्याला लगेच धंद्याचं कारण जोडायचा. त्यामुळे आतलं खरं काय ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मी ठरवून टाकणाऱ्या माणसांच्या बाजूची नाही आणि न ठरवण्याचं मला कौतुकही नाही, पण जे आहे ते असं आहे.

खोली मी पहिल्याच आठवड्यात सोडायला हवी होती. संघटनेत मी रोज बायकांचे जबाब ऐकत होते. पोलीस चौकीत चार तास बसवून ठेवलेल्या बायका, सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या बायका. आणि मी झोपायला यायचे कुठे, तर त्यांना उलटतपासणीत उभं करणाऱ्या माणसाच्या भिंतीला डोकं लावून. स्वतःला सांगायचे, शत्रूचा अभ्यास करतेय. खरं कारण फार साधं होतं. मी आल्यावर "आलात?" एवढं विचारणारा त्या अख्ख्या शहरात तो एकच माणूस होता.

पहिलं पत्रक मी कोर्टाबाहेर वाटलं. मथळा होता: 'बलात्काऱ्यांचे काळे कोट'. संध्याकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. हातात ते पत्रक, चार घड्या घातलेलं.

"काय पत्रकवाल्या बाई, हे तुमचं."

"कशावरून?"

"भिंत पातळ आहे. तुम्ही लिहिता तेव्हा मोठ्यानं म्हणता. परवा ऐकलं होतं हे. 'रक्तपिपासू' काढलंत ते बरं केलंत."

मी म्हणाले, "काका, तुम्हाला लाज नाही वाटत या लोकांना सोडवायला?"

"एक, मला काका म्हणू नका, भांडताना अडचण होते. दोन, तुमच्या पत्रकाचा पहिला परिच्छेद आहे ना, 'गुन्हा सिद्ध आहे' म्हणणारा, तो शेवटी हवा. पहिल्या आणि शेवटच्याच्या मध्ये जी जागा आहे, तिथे मी बसतो. तिथे दुसरं कुणी बसायला तयार नसतं."

मी त्यांना काकाच म्हणत राहिले. भांडतही राहिले.

त्यांच्याकडे माणूस येत नसे. अशील यायचे, पण अशील म्हणजे माणूस नव्हे, हे त्यांचंच वाक्य. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मागणारे त्यांचं दार सोडून पुढे जायचे. कोर्टात दुपारी ते झाडाखालच्या कट्ट्यावर एकटे डबा खायचे. मी पत्रकं वाटताना पाहिलंय, शेजारचे दोन वकील बोलत बोलत यायचे आणि बोलत बोलत पलीकडच्या कट्ट्याला वळायचे. मुलगी होती एक. दातांची डॉक्टर, औंधला दवाखाना. दिवाळीत फराळाचा डबा आणायची, दारातच उभी राहायची, गेल्या वर्षीचा रिकामा डबा घेऊन जायची. एकदा ते मला म्हणाले, "जाऊन पाहिली तिची पाटी. रस्त्याच्या पलीकडून. नाव आहे, आडनाव आहे. मधलं नाही."

मधलं म्हणजे बापाचं.

मग स्वतःच म्हणाले, "पाटीवर जागा कमी पडली असेल."

एका शनिवारी संघटनेचा कर्णा बिघडला म्हणून मी बुधवार पेठेत निघाले होते. ते म्हणाले, मलाही रेडिओसाठी वायर हवीय. तर आम्ही दोघं निघालो, कर्णा त्यांच्याच हातात. ज्या कर्ण्यावरून मी त्यांच्या नावानं ओरडले होते, तोच. दप्तर गळ्यात घ्यावं तसा त्यांनी त्याचा पट्टा गळ्यात अडकवला होता. गल्लीतल्या एका दुकानात गेलो. गल्ल्यावर चाळिशीचा माणूस. त्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि अगदी नवीन गिऱ्हाईकाला विचारावं तसं विचारलं, "बोला काका, काय पाहिजे?"

"वायर. दोन मीटर."

त्यानं वायर दिली. ते "आभारी आहे" म्हणाले. आम्ही बाहेर आलो.

पुढच्या वळणाला ते म्हणाले, "सात वर्षं दर तारखेला भेटत होतो आम्ही. याच्या आईच्या हातचं पिठलं खाल्लंय मी, कोर्टात. सुटला तेव्हा पाया पडला होता."

"मग ओळख का नाही दाखवली?"

"त्याला मी दिसलो की मी दिसत नाही. तो आरोप दिसतो." मग कर्णा सरळ करत म्हणाले, "दुकान चांगलं चालवतोय पण."

आता जे सांगायचंय ते माझ्या चुकीचं आहे. दुसऱ्या पत्रकाचं.

पुण्याच्या कडेच्या एका गावातली मुलगी, वीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. आरोपी गावातलाच, जमीनवाल्या घरातला. मुलगी आमच्या संघटनेकडे आली होती, आणि आरोपी, साक्ष तोंडावर असताना आधीचा वकील बदलून, भिंतीपलीकडे आला होता. त्याचं वाचन मी ऐकलं. तो कुठेच अडखळला नाही. बातम्या वाचाव्यात तसं सपासप वाचून मोकळा झाला.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "काका, जो कुठेच अडखळत नाही तो काय असतो?"

"भिंतीला फट आहे म्हणून मलाही असायला हवी, असं नाही," एवढं बोलून ते आत गेले.

मी पेटले होते. एका बैठकीत पत्रक लिहिलं, अर्थातच मोठ्यानं म्हणत, नंतर कळलं की ते तेव्हा घरी नव्हते. मुलीचं नाव घातलं नाही. कायदा मला माहीत होता, पीडितेचं नाव छापता येत नाही. पण वाचणाऱ्याच्या काळजाला भिडलं पाहिजे म्हणून मी गावाचं नाव घातलं, ती कॉलेजात काय शिकते ते घातलं, आणि हायवेला दुकान टाकून लेकीला शिकवणाऱ्या गरीब बापाचं वर्णन घातलं. दुकान कसलं तेही. आज गाव आणि दुकान दोन्ही सांगत नाही. तेव्हा दोन्ही सांगितलं होतं, आणि त्या गावात तसलं दुकान एकच होतं. आमच्या पोरींनी पत्रकं गावभर चिकटवली. स्टँडवर, दूध डेअरीवर, कॉलेजच्या कंपाउंडला.

दोन दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन आला. मीच उचलला.

"ताई, त्या कागदावर माझं दुकान हाय."

मी म्हणाले, "नाव नाहीये, काका, तुमचंही नाही, तिचंही नाही."

"नाव कशाला पायजे? लोक येत्यात, माल घेत न्हाईत, नुसते बघून जात्यात. पोरगी दोन दिस झाले जेवली न्हाई. म्हणती, आता कोर्टात जायाचं न्हाई."

तिची साक्ष आठ दिवसांवर होती. ती उभी राहिली नाही तर खटल्यात दुसरं काही उरणार नव्हतं. आणि ती उभी राहणार नव्हती, माझ्यामुळे.

मी खोलीवर आले तेव्हा त्यांचं दार उघडं होतं, ते आत ओट्यापाशी उलथणं घासत होते. उलथण्यावर खळ आणि कागदाचे लगदे. बाजूला कापडी पिशवी, तिच्यात माझी पत्रकं, फाटलेली, ओली, शंभर तरी असतील. एक धड होतं ते त्यांनी टेबलावर ठेवलेलं. त्यात मी त्यांच्या अशिलाला 'नराधम' म्हटलं होतं, त्याला हात लावलेला नव्हता. लाल पेन्सिलीनं गोल केला होता तो दुकानाच्या ओळीला.

"बसनं गेलो होतो," ते म्हणाले. "स्टँडवरची निघाली. डेअरीची राहिली, खळ फार चांगली करता तुम्ही लोक."

"तुम्ही का काढलीत?"

"पत्रकात माझ्या अशिलाची बदनामी आहे. ती काढणं माझं काम आहे."

"ती आली नाही तर तुमचा अशील सुटतोच की."

ते उलथणं पुसत राहिले. "मला साक्षीदार कोर्टात लागते. घरात बसलेलीची उलटतपासणी घेता येत नाही. उद्या सकाळी येणार असाल तर दुसरं उलथणं आहे."

मी गेले. सकाळी साडेसातच्या बसनं. त्यांनी डेअरीची भिंत घेतली, मी समोरच्या टपरीमागची. पाऊण तास झाला असेल. डेअरीपाशी चार-पाच जण जमले. एकानं त्यांना ओळखलं.

"हा त्येचा वकील हाय."

"पुरावा पुसाया आलाय व्हय रं म्हाताऱ्या?"

"लाज हाय का? घरात लेकीबाळी न्हाईत का तुला?"

एकानं ढकललं. ते भिंतीवर आदळले, चष्मा पडला. उलथणं हातातच होतं. खाली बसून ते चष्मा चाचपडत होते आणि वर उभे असलेले लोक जे बोलत होते, ते शब्दन् शब्द मी कधी ना कधी पत्रकात लिहिलेलं होतं.

मी वीस पावलांवर उभी होते. मी एवढंच म्हणायला हवं होतं: ही पत्रकं मी लिहिलीत, चूक माझी आहे, हे माझी घाण काढतायत. दोन वाक्यं. कर्ण्यावरून मी तासतास बोलू शकते. मी उलथणं ओढणीखाली धरलं आणि टपरीवाल्याला विचारलं, "स्टँड कुठे आहे हो?"

बसमध्ये ते पुढे बसले, मी मागे. येरवड्याला गाडी रिकामी झाली तसे उठून माझ्या शेजारी आले. चष्म्याची एक काडी वाकली होती.

"ओळख दाखवली नाहीत ते बरं केलंत," ते म्हणाले. "तुमच्या संघटनेत अडचण झाली असती."

हे ते टोमणा म्हणून बोलले असते तर मला सोसलं असतं. त्यांना टोमणे उत्तम यायचे. हा नव्हता.

त्याच दुपारी मी एकटी मुलीच्या घरी गेले. तिच्यासमोर बसून म्हणाले, पत्रक मी लिहिलं. ती म्हणाली, "मला विचारलं का नाही?" शिवी दिली असती तर बरं. मी रोज गेले. भाषण केलं नाही, तिच्या आईबरोबर शेंगा निवडल्या. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "येते मी. तुमच्यासाठी नाही."

ती आली. बंद दाराआड दोन दिवस साक्ष चालली. मी बाहेर जिन्यात बसून होते. दुसऱ्या दिवशी बाहेर आल्यावर तिनं पाणी प्यायलं आणि सांगितलं, "आवाज नाही चढवला त्यांनी. बसायला खुर्ची द्या म्हणाले जजना. पण फोनचं विचारलं. त्या दिवसानंतर मी त्याला अकरा वेळा फोन केला होता. एकेका फोनचं विचारलं. अकराच्या अकरा."

"तू काय सांगितलंस?"

"खरं. घरी सांगू नकोस म्हणून विनवायला केले. पण अकराव्यापर्यंत माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं."

हे मी त्यांना माफ केलेलं नाही. उलथणं घेऊन भिंत खरवडणारा माणूस आणि अकरा फोन मोजणारा माणूस एकच आहे. उलथणं आठवून मी फोन विसरणार नाही, आणि कुणी विसरावेत असंही मला वाटत नाही.

काही महिन्यांनी निकाल लागला. आरोपी सुटला. गावात फटाके वाजले. ज्यांनी म्हाताऱ्याला ढकललं होतं, त्यातले दोघं मिरवणुकीत होते, हे मुलीच्या वडिलांनी सांगितलं. मुलगी नंतर बाहेरगावी शिकायला गेली. कुठे ते सांगणार नाही. वकिलांना मिरवणुकीला कुणी बोलावलं नाही. ते त्या दिवशी नेहमीच्या बसनं घरी आले, मागोमाग मी आले तर नेहमीसारखं "आलात?" म्हणाले नाहीत, आणि दार लावून घेतलं.

मी तिसरं पत्रक लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात लिहिलं, एक अक्षर मोठ्यानं न म्हणता. निकालावर होतं, पोलिसांनी केलेल्या तपासावर होतं, आणि मुख्य म्हणजे अकरा फोनांवर. पण आधी त्या मुलीला फोन करून सगळं वाचून दाखवलं, छापू का विचारलं. ती म्हणाली, छापा. मग मी ते घेऊन पुढच्या दारानं, अशील येतात त्या दारानं, त्यांच्या ऑफिसात गेले.

"काय पत्रकवाल्या बाई?"

"तपासून द्या. तिची ओळख कुठे लागते का बघा. बाकी काही बघू नका."

त्यांनी हात पुढे केला नाही. म्हणाले, "वाचा."

"काय?"

"फिर्याद आहे ना ही? माझ्याविरुद्ध? मोठ्यानं वाचा. आज मी उभा राहतो."

आणि ते खरंच खुर्चीतून उठून उभे राहिले, हात मागे बांधून. मी वाचलं. 'एका मुलीचं दुःख या वकिलानं अकरा तुकड्यांत मोजलं' या ओळीशी माझा आवाज अडला. ते म्हणाले, "पुढे." मी संपवलं.

मग त्यांनी पत्रक घेतलं, लाल पेन्सिल काढली. 'दुसऱ्या वर्षाला असलेली' हे तीन शब्द खोडले. "यावरून वर्ग कळतो." बाकी कशालाही पेन्सिल लावली नाही. पुन्हा वरून खालपर्यंत बघितलं. "माझं नाव कुठाय?"

"घातलं नाही."

"मागच्या वेळी अशिलाचं घातलं होतंत. भ्यायलात?"

"नाही."

"मग घाला. पूर्ण घाला. माझं नाव छापायला कायद्याची बंदी नाही. मी पीडित नाही."

"औंधला एक पाटी आहे, काका," मी म्हणाले. "आडनाव तेच आहे. बापावरून लेक ओळखू येते. तुम्हीच दाखवलंत मला."

ते उभेच होते. पेन्सिल टेबलावर ठेवली, ती गडगडली, तिला हातानं अडवलं.

मग म्हणाले, "चहा घेणार का?"

त्या खोलीत हा प्रश्न मी दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकला. मला पत्रक छापायला टाकायचं होतं. सहाला प्रेस बंद व्हायचा. शिवाय ज्याच्याविरुद्ध छापायचं त्याच्याकडचा चहा प्यायचा नाही, हे आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

"नको," मी म्हणाले.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

मी माझ्या खोलीत पिशवी घ्यायला गेले. भिंत पातळ होती. पलीकडे स्टोव्हपाशी दोन कप खाली काढून ठेवलेले होते बहुतेक. त्यातला एक परत फळीवर ठेवल्याचा आवाज आला.